भाजीवरचं औषध जातं कुठं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या भेंडीला शहरातल्या एका खानावळवाल्यानं मागणी घातली. भाव बरा होता, माल रोज उचलायला तो तयार होता. अट एकच, भाजीत औषधाचा अंश नाही असा तपासणीचा कागद द्यायचा. तपासणीचा खर्च ऐकला आणि आम्ही गप्प बसलो. आमच्या दहा गुंठ्यांच्या भेंडीला तो झेपणारा नव्हता. औषधं विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "कागद कशाला पाहिजे? तीन दिवसांत सगळं उडून जातं."

व्यवहार हातचा गेला तो गेलाच. पण महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "उडून जातं म्हणजे जातं कुठं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेव्हापासून आम्ही शोधायला लागलो. कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं आणली, गावातल्या ऐंशीच्या घरातल्या बायकांकडे जाऊन बसलो. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

सुरुवात शेतातून नाही, घराच्या भिंतीपासून करावी लागेल. आपल्या आज्यांनी हे रसायन पहिल्यांदा पाहिलं ते पिकावर नव्हे, तर घरात. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पाठीला पंप लावलेली माणसं गावोगाव फिरायची आणि घरातल्या भिंतींवर डीडीटी मारायची. आमच्या आजींना ते अजून आठवतं. भांडीकुंडी, पिठाचे डबे, पाळणा, सगळं अंगणात काढायचं. फवारून झालं की भिंतीवर पांढुरके ओघळ राहायचे आणि ती माणसं बजावून जायची, "आता सारवू नका, पोतारा फिरवू नका."

बायकांना हे काही पटायचं नाही. सण आला की भिंत सारवल्याशिवाय राहवतं का? सारवलं की डीडीटी शेणमातीखाली झाकलं जायचं आणि डास भिंतीवर बसूनही मरत नसत. मातीच्या भिंतीचीही एक अडचण होती. माती ते औषध आत ओढून घ्यायची, धरून ठेवायची. वर काही उरत नसे. विटेच्या, चुन्याच्या भिंतीवर ते जास्त दिवस काम करायचं. माती रसायन कसं धरून ठेवते, याचा धडा आपल्या घरातच होता. तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे शेतात तिचं काम पडणार आहे.

हे डीडीटी तयार झालं होतं १८७४ साली, पण त्यानं कीटक मरतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या पॉल म्यूलर या रसायनशास्त्रज्ञानं ते शोधून काढलं. त्यानं एक अनुभव पुढे सांगितला आहे. तो पिंजऱ्यात माश्या ठेवून औषधं तपासायचा. डीडीटी वापरल्यावर पिंजरा कितीही घासून धुतला तरी नव्या माश्या भिंतीला शिवताच खाली पडू लागल्या. शेवटी पिंजरा सुटा करून, स्वच्छ करून, महिनाभर उघड्या हवेत ठेवावा लागला. तेव्हा कुठं पुढचे प्रयोग करता आले. धुऊनही न जाणं हा दोष मानला गेला नाही. उलट तोच त्याचा मोठा गुण ठरला. एकदा फवारा आणि महिनोन्‌महिने निर्धास्त राहा. १९४८ साली म्यूलरला नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि खरं ते सांगायला हवं, या भुकटीनं माणसं वाचवली. १९५३ च्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख माणसं दगावत होती, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा एका लाखाच्या आसपास आला. ज्या आजीची दोन भावंडं हुडहुडी भरून गेली, तिच्यासमोर बसून डीडीटीला नुसतं वाईट म्हणणं आम्हाला तरी जमलं नाही. पुढे डास त्याला सरावले, इतरही ढिलाई झाली आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले.

भिंतीवरून ही भुकटी शेतात आली. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथं बीएचसीचा कारखाना निघाला. देशात कीटकनाशक तयार होऊ लागलं ते तिथून. लगेच सरकारनं डीडीटी बनवायला हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली. तिचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीलाही झाला. बीएचसी म्हणजेच जुन्या बायका जिला 'गॅमेक्झिन' म्हणतात ती कुबट वासाची पावडर. फडक्यात बांधून वांग्यावर, मिरचीवर, वेलांवर धुरळायची. धान्याच्या कणगीभोवती टाकायची. एका मावशींनी तर सांगितलं, लहानपणी डोक्यात उवा झाल्या की आई केसांना चोळायची आणि वर फडकं बांधायची.

या पावडरीबद्दल वाचताना आम्हाला राग आला तो एका गोष्टीचा. तिच्यात एकाच रसायनाची पाच-सहा रूपं मिसळलेली असायची. किडा मारण्याचं काम त्यातलं एकच रूप करायचं आणि त्याचा वाटा शेकडा दहा ते पंधरा. बाकी पंचाऐंशी टक्के माल किड्याच्या काही कामाचा नव्हता, पण जमिनीत जाऊन पडायचा. त्यातलं 'बीटा' नावाचं रूप तर सगळ्यांत चिवट. स्वस्त पडतं म्हणून वर्षानुवर्षं तेच वापरलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत निम्म्याच्या वर वाटा डीडीटी आणि बीएचसी या दोघांचाच होता.

'औषध' या शब्दाबद्दल थोडं बोलू का? आपण फवारणीच्या विषाला औषध म्हणतो. "औषध मारलंय" म्हणतो आणि कुणी जीव दिला तर "औषध प्यायला" असंही म्हणतो. घरात खोकल्याचं औषध आणि पंपाचं औषध एकाच फळीवर ठेवलेलं आम्ही पाहिलंय. शब्द एक असला की हातालाही फरक कळत नाही. आमच्या गटात आता 'फवारणीचं विष' म्हणायचं ठरलंय. अजून जिभेवर बसलेलं नाही. आजच्या बोलण्यातही आम्ही अधूनमधून औषधच म्हणणार, सवयीला काय करावं.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. फवारलेलं जातं कुठं?

वाटा चार आहेत. काही भाग उन्हानं तुटतो. काही पाण्यानं फुटतो. काही मातीतले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. आणि काही खरोखर उडून जातो, म्हणजे वाफ होऊन हवेत मिसळतो. पहिल्या तीन वाटांनी गेलं तर ते मोडलं, त्याचं दुसरं काहीतरी झालं. चौथ्या वाटेनं गेलं तर ते मोडलेलं नसतं, फक्त आपल्या रानातून दुसरीकडे गेलेलं असतं. दुकानदार 'उडून जातं' म्हणाला त्यात हा फरक बुडून गेला.

आपल्यासारख्या उष्ण मुलखात या चारही वाटा जोरात चालतात. ऊन कडक, जमीन गरम, पावसाळ्यात ओल, सूक्ष्मजीवांची वाढ झपाट्यानं. थंड देशांतल्या मातीत डीडीटी अर्धं व्हायला कित्येक वर्षं लागतात, आपल्याकडे काही महिने ते साधारण वर्षभर. हे वाचून आम्हाला आधी बरं वाटलं. पण त्यात मोठा वाटा वाफेचा होता. ती वाफ वाऱ्याबरोबर दूर जाते, थंड प्रदेशात गेली की पुन्हा खाली बसते. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या उत्तर टोकाला, जिथं बर्फामुळं शेतीच होत नाही, तिथल्या इनुइट आयांचं दूध तपासलं. त्यात अशी टिकाऊ रसायनं दक्षिणेकडच्या बायकांच्या दुधापेक्षा जास्त निघाली. त्या बायकांनी पंप कधी हातात धरला नव्हता. त्यांच्या खाण्यात मासे आणि समुद्री प्राण्यांची चरबी होती. ही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात. लहान मासा, मोठा मासा, त्याला खाणारा प्राणी, अशी एकेका पायरीनं वाढत जातात.

जे उडून गेलं नाही त्याचंही सगळं भलं झालं नाही. डीडीटी मोडलं की त्यातून डीडीई नावाचं रसायन होतं आणि ते डीडीटीहूनही हट्टी. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं बारा राज्यांतले दुधाचे दोन हजारांहून जास्त नमुने तपासले. १९९३ साली निष्कर्ष आले तेव्हा बहुतेक नमुन्यांत डीडीटी आणि बीएचसीचे अंश होते. पावडर धुरळलेल्या रानातला चारा गाई-म्हशींनी खाल्ला, गोठ्यात फवारा मारला गेला, ते दुधाच्या सायीत उतरलं. मानवी दुधातही ते सापडलं. ऐकून कुणी लेकराला पाजायचं बंद करू नका बरं का. आईचं दूधच बाळाला चांगलं, हे डॉक्टर आजही ठामपणे सांगतात.

सगळी विषं अशी चिवट नसतात. उलट दुसरी एक जात आहे. ती लवकर मोडते, पण मोडेपर्यंत जीव घेऊ शकते. पॅराथिऑन त्यातलं, आपल्याकडे 'फॉलिडॉल' म्हणून ओळखलं गेलं. १९५८ साली केरळमध्ये शंभराहून जास्त माणसं अचानक मेली. वाहतुकीत गव्हाच्या पिठात हे विष मिसळलं होतं. पोळी खाल्ली आणि तडफडून गेली. त्याची चौकशी झाली, समिती बसली आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ पासून तो लागू झाला. आज डब्यावर जो रंगीत त्रिकोण दिसतो तो याच कायद्याच्या नियमांतला आहे. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो वाचता यावा, म्हणून तो रंगाचा.

पण त्रिकोण एकच गोष्ट सांगतो, विष शरीरात गेलं तर किती जहाल. ते किती दिवस टिकेल हे तो सांगत नाही. डीडीटी चिमूटभर पोटात गेलं म्हणून माणूस लगेच मरत नाही, पण वर्षं काढतं. मोनोक्रोटोफॉसला लाल त्रिकोण, पण मातीत ते काही दिवसांत मोडतं. आम्ही दोन्ही गोष्टी एकच समजत होतो. "जहाल आहे ना, मग जास्त दिवस राहत असेल," असं. तसं नसतं.

आणि मोडलं म्हणजे निर्विष झालं, असंही नसतं. मॅलाथिऑन मोडताना मॅलाऑक्सॉन होतं, ते जास्त विषारी. डायमेथोएट, म्हणजे आपलं 'रोगार', त्यातून ओमेथोएट होतं, तेही जास्त जहाल. थिमेटचे दाणे मुळाशी टाकले की थिमेट स्वतः लवकर बदलतं, पण त्यातून झालेली नवी रूपं मातीत आणि पिकात त्याच्याहून जास्त दिवस राहतात. किडा मारायचं बरंचसं काम तीच करतात.

डब्यातल्या डब्यातही बदल होतो. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापासाठी मॅलाथिऑन फवारणारे सुमारे २,८०० कामगार विषबाधेनं आजारी पडले, निदान पाच जण गेले. मॅलाथिऑन तसं सौम्य समजलं जातं. मग काय झालं? त्यातल्या काही मालात, साठवणुकीत, आयसोमॅलाथिऑन नावाचा घटक वाढला होता. शरीर मॅलाथिऑन पचवून निकामी करतं, ती ताकदच तो घटक बंद पाडतो. उष्णता आणि साठवण यांनी एक सौम्य विष घातक केलं. पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, गेल्या सालचा अर्धा डबा ठेवून यंदा वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी ही गोष्ट ऐकायला हवी. आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा दोघीजणी उठून घरी गेल्या. डबा बाहेर काढायला गेल्या होत्या, हे नंतर कळलं.

मातीतले सूक्ष्मजीव कसं काम करतात याची गोष्ट मात्र गमतीची आहे. फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योस इथं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथं १९६० आणि ७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी पाहिलं, की भाताच्या तुंबलेल्या चिखलात बीएचसीसारखं चिवट रसायनही कोरड्या मातीपेक्षा लवकर मोडतं. चिखलात हवा नसते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचे तुकडे पाडतात. तिथंच आपले भारतीय शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन यांनी डायझिनॉन या औषधावर काम केलं. ज्या खाचरात ते पुन्हा पुन्हा टाकलं होतं, त्या पाण्यात ते भराभर नाहीसं व्हायला लागलं. तिथल्या जिवाणूंना त्याची चटक लागली होती. ते त्यांचं खाणं झालं होतं. शेतकरी म्हणतो, "पहिल्या वर्षी औषध लागू पडलं, आता पडत नाही," त्यामागं कधीकधी हेही कारण असतं.

दुसरं कारण किडीचं. जावा बेटावर लेंबांग नावाच्या थंड डोंगराळ भागात कोबी पिकतो. तिथं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला डीडीटी लागू पडेनासं झालं. आपल्या कोबी-फ्लॉवरला चाळणी करणारी अळी तीच. शेतीतल्या किडीनं डीडीटी पचवल्याचं हे जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. उष्ण मुलखात तिच्या वर्षाला कितीतरी पिढ्या होतात, त्यामुळं ती लवकर शिकते. मग आपण मात्रा वाढवतो, दोन औषधं मिसळतो, फवारण्या जवळजवळ घेतो. त्यातलं जे लवकर मोडणारं असतं तेही मोडायला सवड मिळत नाही.

आता सवडीचा हिशेब करू. रुपया-आण्यात सांगतो, आजींना तोच कळला. समजा पानावरचं एखादं औषध दर तीन दिवसांनी निम्मं होतं. फवारलं तेव्हा सोळा आणे. तीन दिवसांनी आठ, सहा दिवसांनी चार, नऊ दिवसांनी दोन, बाराव्या दिवशी एक आणा. म्हणजे 'तीन दिवसांत सगळं उडून जातं' हे खोटं, तीन दिवसांत निम्मं जातं. आता भेंडी बघा. एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. फवारल्यावर दोन दिवसांनी तोडली तर पानाफळावर दहा आणे शिल्लक असतात. डब्यासोबतच्या कागदावर 'प्रतीक्षा कालावधी' छापलेला असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत ते. पिकाप्रमाणे आणि औषधाप्रमाणे तो वेगळा. कुठं तीन दिवस, कुठं पाच, कुठं त्याहून बरेच जास्त. अक्षर इतकं बारीक, की आमच्या गटात फक्त दोघींना ते चष्म्याशिवाय वाचता आलं. आणि वाचलं तरी करायचं काय? भेंडी, गवार, काकडी पाच दिवस वेलावर-झाडावर थांबत नाही. एकदाच काढायच्या पिकाला हा नियम सोपा आहे. रोज तोडणीच्या भाजीत तो बाईच्या हाताशी येऊन अडतो. तोडणी कोण करतं? आपणच. सकाळी दवात ओल्या झालेल्या पानांतून हात घालतो तेव्हा ते दहा आणे आधी आपल्या कातडीला लागतात, मग बाजारात जातात.

त्यातही भाजी-भाजीत फरक आहे. मेथी, पालक, कोथिंबीर यांना वजनाच्या मानानं पानाचा पसारा मोठा, म्हणून त्यांच्यावर किलोमागं जास्त बसतं. काकडी-दोडका दोन-तीन दिवसांत दुपटीनं वाढतात, त्यामुळं औषध तेवढंच राहिलं तरी किलोमागं निम्मं होतं. चहात पाणी वाढवलं की साखर पातळ लागते तसं. शेडनेटमध्ये आणि पॉलिहाऊसमध्ये कडक ऊन आणि पाऊस लागत नाही, तिथं औषध बाहेरच्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. आमच्याच तालुक्यात अनुदानावर शेडनेट घेणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगितल्याचं आम्ही ऐकलं नाही. तोडलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवली तर मोडण्याचं काम जवळजवळ थांबतंच.

धुतल्यानं जातं का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. वर बसलेलं औषध वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यानं बरंचसं कमी होतं, साल काढल्यानं आणखी, शिजवल्यानं आणखी थोडं. पण डायमेथोएट, अ‍ॅसिफेट, इमिडाक्लोप्रिड यांसारखी औषधं झाडाच्या रसात भिनतात. ती फळाच्या आत असतात. बाहेरून कितीही धुवा, आतलं जात नाही.

आता मातीकडे. सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट आम्हाला सापडली ती दूरच्या दोन बेटांवरची. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप, कॅरिबियन समुद्रातली, फ्रान्सच्या अमलाखालची. तिथं केळीच्या कंदातल्या सोंड्या किडीसाठी १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन नावाची पावडर मुळाशी टाकली. अमेरिकेत हीच पावडर बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार १९७५ साली आजारी पडले. हात थरथरू लागले, तिथं ती बंद झाली. फ्रान्समध्येही १९९० साली बंदी आली, पण बेटांना आणखी तीन वर्षं मुभा मिळाली. ते बेट उष्ण, पावसाचं, हिरवंगार. आपल्या हिशेबानं तिथं औषध भराभर मोडायला हवं होतं. मोडलं नाही. त्या रसायनाची घडणच अशी, की जिवाणूंना त्याला धरायला जागा नाही. आणि ज्वालामुखीच्या मातीनं त्याला कवेत घेतलं, आपल्या मातीच्या भिंतीनं डीडीटीला घेतलं तसं. काही जमिनींत ते जायला शतकं लागतील असा अंदाज आहे. केळीच्या फळात ते फारसं चढत नाही. पण केळीची बाग मोडून बायकांनी तिथं परसबागा केल्या, त्यात अळकुड्या, रताळी, कोनफळासारखे कंद लावले आणि त्या कंदांत ते उतरलं. काकडी-भोपळ्याच्या जातीत थोडं, टोमॅटोत आणि शेंगांत नावाला. तिथल्या दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या रक्तात आज ते सापडतं.

वेलवर्गाची ही खोड दुसरीकडेही दिसली आहे. जपानमध्ये डिल्ड्रिन १९७० च्या दशकात बंद झालं आणि तीस वर्षांनी काकडीत सापडलं. काकडीची मुळं मातीतलं जुनं साठलेलं वर ओढून घेतात. ज्या रानात आपल्या सासऱ्यांनी पोत्यानं पावडर टाकली होती, तिथं कुठला वेल कुठं लावायचा, याचा विचार त्यामुळं आम्ही करू लागलो आहोत.

आपल्याकडे बंदी आली, पण सावकाश. शेतीत डीडीटी १९८९ साली थांबलं, बीएचसी १९९७ साली. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. त्याआधी केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वीसेक वर्षं ते हेलिकॉप्टरनं फवारलं गेलं होतं आणि तिथल्या आया अपंग लेकरं मांडीवर घेऊन दाद मागत होत्या. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती, पण कापसासाठी ते दुकानात मिळतच राहिलं. कापसाच्या नावानं आणलेला डबा वांग्याच्या वाफ्याशी थांबतो का? २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतला दुपारचा भात खाऊन तेवीस मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. स्वयंपाक करणारी बाईही आजारी पडली. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी शाळेचा पोषण आहार शिजवतात, म्हणून हे सांगितलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं दगावली. २०१८ च्या आदेशानं कार्बारिल, मिथाइल पॅराथिऑन अशी बरीच औषधं बंद झाली, थिमेट २०२० अखेर. भोपाळचा कारखाना कार्बारिलच बनवत होता.

आमची एक तक्रार आहे. २०१० साली नाशिककडची द्राक्षं युरोपात अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं. पण निर्यातीच्या द्राक्षाला तपासायची यंत्रणा तरी आहे. पुण्याजवळ मांजरीला प्रयोगशाळा आहे, बागेची नोंद होते, नमुना घेतात. आठवडी बाजारातल्या आमच्या मेथीच्या जुडीला कोण तपासतं? जे औषध ठरवून दिलेलं नाही त्याच्यासाठी अन्न सुरक्षा नियमांत साधारण मर्यादा आहे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. नियम परदेशासाठी आणि आपल्या लेकरांसाठी कागदावर सारखाच आहे, तपासणी मात्र सारखी नाही.

आम्ही काय करतो? फार काही नाही. वांग्याला कामगंध सापळे लावले, पोखरलेले शेंडे तोडून जाळतो. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा अर्क करतो आणि तो संध्याकाळी मारतो, कारण तो उन्हात टिकत नाही. जुन्या लोकांनी निंबोळी सोडून पावडर धरली ती याच कारणानं, आज आम्हाला तोच त्याचा गुण वाटतो. तरीही कधी विकतचं मारावं लागतं. मग तोडून घेऊन फवारतो आणि पुढची मधली तोडणी सोडून देतो. जून भेंडी बियाण्याला किंवा खताच्या खड्ड्यात. ते नुकसान सोसावं लागतं, दोन घरांनी ते सोसायला नकार दिला आणि त्या गटाच्या विक्रीतून बाहेर पडल्या. त्यांचंही चुकलं असं आम्हाला म्हणवत नाही.

हिवतापाची माणसं फवारून गेली की भिंतीवर गेरूनं तारीख लिहून जायची. आजींच्या जुन्या घराच्या मागच्या दारावर, चुन्याच्या थराखाली, त्यातले दोन आकडे अजून दिसतात. ते पाहून आम्ही भेंडीच्या बांधावर एक पत्रा ठोकला. त्यावर खडूनं लिहितो, काय मारलं, कधी मारलं, तोडायचं कधीपासून. परवा पावसानं तो धुऊन निघाला. आता तेलरंग आणलाय. या मंगळवारी आजींच्या नातीनं त्यावर पहिली तारीख घातली.